नुब्राचे उंट : कारवाँ थांबला, सवारी सुरू झाली

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या घरांतून आता महाबळेश्वर-माथेरानच्या जोडीने लडाखचेही नाव ऐकू येते. पूर्वी काश्मीरपर्यंत जाणे म्हणजे मोठी मजल वाटे. आता मुंबई-पुण्याहून निघालेली कुटुंबे दिल्लीमार्गे विमानाने लेहला उतरतात, चार-सहा दिवस फिरतात आणि मोबाईल भरून छायाचित्रे घेऊन परततात. त्या छायाचित्रांत एक छायाचित्र हमखास असते. पांढरी वाळू, मागे बर्फाचे डोंगर आणि दोन वशिंडांच्या मधल्या खोबणीत बसलेले घरातले एखादे मूल.

हे छायाचित्र नुब्रा खोऱ्यातल्या हुंदर गावचे असते. मुले ते शाळेत आणतात तेव्हा मी त्यांना तीन प्रश्न विचारते. एवढ्या उंचीवर वाळू कशी आली? राजस्थानच्या उंटाला एक वशिंड असते, याला दोन का? आणि हा उंट तिथे आणला कोणी? मुले गोंधळतात आणि त्यांचे पालकही गोंधळतात. पंधरा मिनिटांची सवारी करून आलेल्यांना त्या जनावराविषयी काहीच ठाऊक नसते. वास्तविक त्याच्या पाठीवर कित्येक शतकांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात मुसलमान व्यापाऱ्यांचा, कारवाँवाल्यांचा व हाजींचा मोठा वाटा आहे. म्हणूनच या विषयावर थोडे सविस्तर लिहावेसे वाटले.

थंड वाळवंट म्हणजे काय?

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तापलेली वाळू येते. पण वाळवंट ठरते ते उष्णतेवरून नव्हे, पावसावरून. लेहला वर्षभरात जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या कोकणात तेवढा पाऊस जुलैत एका दिवसात पडून जातो. हिमालयाच्या रांगा पावसाळी ढग अडवतात आणि त्यांच्या पलीकडचा लडाख कोरडा राहतो. उन्हाळ्यात दिवसा ऊन चटके देते, हिवाळ्यात पारा उणे 20 अंशांच्या खाली जातो. याला शीत वाळवंट म्हणतात.

नुब्रा खोरे लेहच्या उत्तरेला आहे. तिथे दोन नद्यांचा संगम होतो. सियाचिन हिमनदीतून निघणारी नुब्रा आणि रिमो हिमनद्यांकडून येणारी श्योक. श्योक उन्हाळ्यात गढूळ, फुगलेली असते आणि डोंगर झिजवून आणलेला बारीक गाळ रुंद पात्रात पसरत जाते. पाणी ओसरले की गाळ वाळतो, खोऱ्यातून वाहणारा जोराचा वारा तो उचलतो आणि दिस्कित व हुंदर या गावांच्या दरम्यान त्याच्या टेकड्या रचतो. तीच ती पांढरी-राखाडी वाळू. म्हणजे समुद्र जवळ नसताना, समुद्रसपाटीपासून सुमारे 10,000 फुटांवर वाळूच्या टेकड्या तयार झाल्या त्या नदी आणि वारा या दोघांच्या मेहनतीने.

लेहहून हुंदर साधारण सव्वाशे किलोमीटर आहे. वाटेत खारदुंग-ला ही खिंड ओलांडावी लागते. 'ला' म्हणजे खिंड. तिथल्या फलकावर बरीच वर्षे 18,380 फूट अशी उंची लिहिलेली असे आणि जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता म्हणून लोक तिथे छायाचित्रे काढत. प्रत्यक्ष मोजणीत ही खिंड सुमारे 17,580 फूट भरते, आणि तो मान 2021 मध्ये लडाखमधल्याच उमलिंग-लाच्या रस्त्याकडे गेला होता. फलकावरचा आकडा काहीही असो, तिथली विरळ हवा मात्र अगदी खरी आहे. त्याविषयी पुढे लिहितेच.

यारकंदची वाट

आज नुब्रा म्हणजे देशाचे टोक वाटते. शंभर वर्षांपूर्वी तो वाटेवरचा मुक्काम होता. लेहहून निघालेला कारवाँ खारदुंग-ला ओलांडून नुब्रात उतरे, पनामिककडून पुढे सासेर-ला चढे, मग दौलत बेग ओल्डीमार्गे काराकोरम खिंड पार करून आजच्या चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या यारकंद शहरात पोहोचे. काराकोरम खिंडीची उंची 18,000 फुटांहून अधिक. प्रवास महिनाभर, कधी त्याहूनही लांबे. दौलत बेग ओल्डी या नावाचा तुर्की भाषेतला अर्थच 'दौलत बेग जिथे मरण पावला ते ठिकाण' असा आहे. वाटेवर दोन्ही बाजूंना मेलेल्या जनावरांच्या हाडांचे ढीग पडलेले असत आणि वाट चुकू नये म्हणून त्यांचाच खुणेसाठी उपयोग होई, असे त्या काळच्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहे.

एवढी जोखीम घेऊन काय नेले-आणले जाई? यारकंदकडून रेशीम, नमदे, गालिचे, पश्मिना लोकर, सोने येई. आपल्याकडून सुती कापड, मसाले, नीळ, रंग, केशर, पोवळी आणि मोती जात. सगळाच माल चांगला होता असे नाही. चरसचे गठ्ठेही याच वाटेने लेहला येत आणि त्यावर सरकार करही घेई. व्यापारात पंजाबचे हिंदू-शीख व्यापारी होते, काश्मिरी मुसलमान होते, यारकंदी होते, लडाखचे बौद्ध होते. लेहचा बाजार म्हणजे चार-पाच भाषांचा मेळावाच. बाहेरून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी तिथे लग्ने केली. त्यांच्या वंशजांना 'अरगोन' म्हणतात. लेहच्या काही मुस्लिम घरांत आजही खास प्रसंगी यारकंदी पुलाव शिजतो. बाजारातली जामा मस्जिद सतराव्या शतकातली आहे.

या वाटेने केवळ व्यापारी येत नसत. यारकंद आणि काशगरचे हाजी हीच वाट धरून लेहला उतरत, तिथून श्रीनगर, मग पंजाब, पुढे रेल्वेने मुंबई किंवा कराची आणि तिथून जहाजाने जिद्दा. विचार करा, घरातून निघालेला माणूस आधी काराकोरमचे बर्फ तुडवी, नंतर मुंबईच्या घामट हवेत जहाजाची वाट पाही आणि शेवटी अरबस्तानच्या वाळवंटात पोहोचे. जाऊन-येऊन वर्ष-दीड वर्ष सहज मोडे. आज आपण चार-पाच तासांत जिद्दा गाठतो आणि विमानाला उशीर झाला म्हणून कुरकुरतो!

या वाटेवरच्या माणसांपैकी एकाचे नाव आज भारतभर ठाऊक आहे, पण माणूस ठाऊक नाही. तो म्हणजे लेहचा गुलाम रसूल गलवान. गरीब घरातला हा मुलगा लहान वयातच परदेशी प्रवाशांच्या तांड्यात हमाल-नोकर म्हणून लागला आणि कर्तबगारीने कारवाँचा प्रमुख झाला. पुढे तो लेहचा अक्सकाल झाला. 'अक्सकाल' म्हणजे शब्दशः पांढरी दाढीवाला, कारवाँचा व व्यापाऱ्यांचा कारभार पाहणारा मानाचा माणूस. त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलेले आत्मचरित्र 1923 मध्ये 'सर्व्हंट ऑफ साहिब्ज' या नावाने प्रसिद्ध झाले. श्योकला मिळणाऱ्या एका नदीला त्याचे नाव मिळाले. 2020 मध्ये जिथे आपल्या जवानांची चिनी सैन्याशी झटापट झाली ती गलवान हीच.

उंट मागे राहिले

या वाटेवर घोडे, खेचरे, याक यांच्याबरोबर दोन वशिंडांचे उंटही चालत. राजस्थानचा एक वशिंडाचा उंट उष्ण वाळवंटाचा, तर हा मध्य आशियातल्या गारठ्याचा. त्याला बॅक्ट्रियन उंट म्हणतात. बॅक्ट्रिया हे आजच्या उत्तर अफगाणिस्तानच्या भागाचे प्राचीन नाव. या जातीचे रानटी भाऊबंद आता चीन आणि मंगोलियातल्या गोबीच्या परिसरातच उरले आहेत आणि तेही नामशेष होण्याच्या मार्गावर आहेत.

1949 मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट राजवट आली, शिनजियांग तिच्या ताब्यात गेले आणि सरहद्द बंद झाली. शतकानुशतके चाललेला व्यापार एक-दोन वर्षांत संपला. व्यापारी गेले, सराया ओस पडल्या. काही उंट मात्र नुब्रातच राहिले. आजचे उंट त्यांचेच वंशज मानले जातात. ओझे वाहायला माल नाही, मग उंट पोसायचा कशाला? बरेचसे उंट नदीकाठच्या काटेरी झुडपांत मोकळे फिरू लागले. कुणी थोडेफार कामाला वापरले, कुणी वाऱ्यावर सोडले. त्यांची संख्या घटत गेली.

लडाख पर्यटकांसाठी उघडला तो 1974 मध्ये. नुब्रा त्यानंतर वीस वर्षांनी, 1994 मध्ये. बाहेरची माणसे आली, त्यांनी वाळूवर दोन वशिंडांचा उंट पाहिला आणि त्यावर बसायची इच्छा दाखवली. गावकऱ्यांनी झुडपांतून उंट पकडून आणले, त्यांना वळण लावले, पाठीवर गाद्या बांधल्या. ज्या जनावराला कुणी विचारत नव्हते त्याला पुन्हा किंमत आली. आज खोऱ्यात हे उंट काही शेकड्यांच्या घरात आहेत आणि देशात इतरत्र त्यांचे असे कळप नाहीत. पर्यटनाने निसर्गाची हानी होते हे आपण नेहमी ऐकतो आणि ते खरेही आहे. पण या उंटाला जगवले पर्यटनाने, हेही तितकेच खरे आहे.

अलीकडे सैन्यालाही या उंटाची आठवण झाली. लेहमध्ये डीआरडीओची एक संस्था आहे, ती अतिउंचीवरची शेती आणि जनावरे यांवर संशोधन करते. तिथे या उंटांच्या चाचण्या झाल्या. 17,000 फुटांवर हा उंट सुमारे 170 किलो ओझे वाहू शकतो असे त्यात दिसले. जिथे वाहन जात नाही, तिथे गस्त घालणाऱ्या जवानांचे सामान त्याच्या पाठीवर जाऊ शकते. म्हणजे कारवाँचे जुने काम नव्या रूपात परत येत आहे.

त्याची घडण

कुरआनमधील सूरह अल-गाशियात माणसाला ज्या गोष्टींकडे लक्षपूर्वक पाहायला सांगितले आहे, त्यांत आकाश, पर्वत व जमीन यांच्याही आधी उंटाच्या घडणीचा उल्लेख आहे. म्हणून सवारीपूर्वी पाच मिनिटे नुसते बघावे आणि मुलांनाही दाखवावे.

वशिंडात पाणी साठवलेले असते हा समज चुकीचा आहे. तिथे चरबी असते. चारा मिळेनासा झाला की शरीर ती चरबी वापरते. पापण्यांच्या केसांच्या दोन ओळी आणि हव्या तेव्हा मिटता येणाऱ्या नाकपुड्या यांमुळे वाळूच्या वादळात त्याचे डोळे व नाक सुरक्षित राहतात. पायाचा तळवा रुंद व गादीसारखा असतो, तो वाळूतही रुतत नाही आणि बर्फातही नाही. हिवाळ्यात अंगावर दाट लोकर येते आणि वसंत ऋतूत तिचे झुपके गळू लागतात. मे-जूनमध्ये जाणाऱ्यांना उंट आजारी, खरुज झालेला वाटतो. बहुधा तसे काही नसते, तो थंडीचे कपडे उतरवत असतो. ही लोकर मऊ असते आणि तिचे कापड होते.

त्याचे आवडते खाद्य म्हणजे सी-बकथॉर्नचे काटेरी झुडूप. हुंदरच्या ओढ्यांच्या कडेने त्याची दाट जाळी आहे. त्याला नारिंगी रंगाची आंबट बारीक फळे लागतात. त्यांत 'क' जीवनसत्त्व भरपूर असते आणि त्यांचा रस आता बाटल्यांतून विकला जातो. ज्या काट्यांना माणूस हात लावायला धजत नाही, ते हा उंट आरामात चघळतो.

उंटीण साधारण तेरा महिने गाभण असते आणि एका वेळी एकच पिल्लू देते. दोन वेतांत दोन वर्षे तरी जातात. त्यामुळे कळप चटकन वाढत नाही. एखाद्या कडक हिवाळ्यात पाच-दहा पिल्ले दगावली तर तो तोटा भरून यायला काही वर्षे लागतात.

पाच महिन्यांची कमाई, बारा महिन्यांचे पोट

गेल्या वर्षी आम्ही हुंदरला गेलो तेव्हा माझे लक्ष उंटांइतकेच उंटवाल्यांकडे होते. सकाळी आणि दुपार कलल्यावर उंट आळीपाळीने जात होते. भर दुपारी ते झुडपांच्या सावलीत बसवलेले असत. आमच्यापुढे एक मोठे कुटुंब भाव करत होते. माणसे सुस्थितीतली दिसत होती. उंटवाला शांतपणे मान हलवत होता आणि ते कुटुंब पन्नास रुपयांसाठी अडून बसले होते. आमचा उंटवाला तरुण होता, हिंदी चांगली बोलत होता. मी त्याला हिवाळ्याविषयी विचारले. त्याने जे सांगितले त्यावरून सगळा हिशोबच डोळ्यांसमोर आला.

पर्यटक येतात मे ते सप्टेंबर. फार तर पाच महिने. नंतर खोरे गोठते. उंट मोकळे सोडले जातात, ते झुडपांत चरतात, पण जानेवारी-फेब्रुवारीत झुडपांनाही काही उरत नाही. तेव्हा साठवलेला चारा घालावा लागतो. लडाखमध्ये शेत पिकते ते हिमनदीच्या पाण्यावर, वर्षातून एकदाच. चारा मुबलक नसतो, बाहेरून आणावा तर खिंडीपलीकडून आणण्याचे भाडे पडते. पाच महिने जो कमावतो त्याला बारा महिने खायला घालायचे असते, मालकाच्या घरालाही आणि उंटालाही. कमाई कमी झाली तर आधी कुणाच्या तोंडचा घास जातो हे सांगायला नको.

दुसरी अडचण चराईच्या जागेची. पर्यटक वाढले तशी नदीकाठी हॉटेले आणि तंबूंच्या वसाहती वाढल्या. त्यांना कुंपणे पडली. झुडपे तोडून जागा मोकळ्या झाल्या. मोकळे सुटलेले उंट शेतात शिरले की शेतकरी चिडतात, आणि त्यांचेही बरोबरच आहे, कारण त्यांची शेते मुळात लहान असतात. वाळूवर आता चारचाकी मोटारसायकलीही धडधडतात. 1974 मध्ये संपूर्ण लडाखला काही शेकडा पर्यटक आले होते. 2022 मध्ये ती संख्या पाच लाखांच्या पुढे गेली. लडाखची स्वतःची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार 2 लाख 74 हजार आहे. म्हणजे यजमानांच्या जवळजवळ दुप्पट पाहुणे. आपल्या घरात दहा माणसे असताना वीस पाहुणे आले तर पाण्याचे आणि कचऱ्याचे काय होते ते प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे.

हदीसमध्ये एका उंटाचा प्रसंग आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेतल्या एका अन्सारी तरुणाच्या बागेत गेले असता तिथला उंट त्यांना पाहून कण्हू लागला, त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. आपण त्याच्या मानेवरून हात फिरवला, मालकाला बोलावले आणि या मुक्या जनावराबाबत अल्लाहची भीती बाळगायला सांगितले, कारण मालक त्याला उपाशी ठेवतो व अतिश्रम करवतो अशी त्याची तक्रार होती. दोनच तक्रारी होत्या, भूक आणि अतिश्रम. नुब्राच्या उंटाबाबत आपणही नेमके या दोनच गोष्टी पाहायच्या.

सवारी करताना

पहिली गोष्ट, वशिंडे पाहावीत. ती ताठ, भरलेली असतील तर जनावर धडधाकट आहे. दोन्ही वशिंडे रिकाम्या पिशवीसारखी एका बाजूला लोंबत असतील तर चरबी संपलेली आहे. हिवाळा नुकताच सरल्यावर, मे महिन्यात, थोडी लोंबलेली दिसणे स्वाभाविक आहे. पण जुलै-ऑगस्टमध्येही तीच अवस्था असेल तर त्या उंटावर बसू नये. नाकात दोरीसाठी लाकडी खुंटी असते, तिथे ओली जखम असेल तर दुसरा उंट मागावा. उंटवाल्यावर ओरडू नये, शांतपणे कारण सांगावे. गिऱ्हाईक काय बघते ते मालकाला कळले की तो काळजी घेतो.

एका उंटावर एकच मोठे माणूस बसावे. लहान मुलाला जवळ घेऊन बसायचे असेल तर उंटवाल्याला विचारावे. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे बसणारा पुढे फेकला जातो. उठताना थोडे मागे झुकावे, बसताना पुन्हा तसेच. आधारासाठी गादीची दोरी धरावी, वशिंडावरचे केस ओढू नयेत. भगिनींनी बुरखा, ओढणी किंवा साडीचा पदर नीट गुंडाळून घ्यावा, तो दोरीत किंवा पायात अडकता कामा नये. आत सलवार असेल तर बसायला सोपे जाते. पिल्लाला आईपासून ओढून छायाचित्रासाठी उभे करणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

प्रकृतीचा विचार तर सर्वांत आधी. लेह सुमारे 11,500 फुटांवर आहे. विमानातून उतरल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावीच. भरपूर पाणी प्यावे, धावपळ टाळावी. डोके दुखणे, मळमळ, धाप, झोप न लागणे ही उंचीच्या त्रासाची लक्षणे आहेत. ती वाढत असतील तर वर जायचे नाही, खाली यायचे. हृदयविकार, दमा, रक्तदाब असलेल्या वडीलधाऱ्यांनी घरून निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. खारदुंग-लावर दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. पुढे नुब्रा लेहपेक्षा कमी उंचीवर असल्याने तिथे श्वासाला बरे वाटते. परवाने आणि पर्यावरण शुल्क यांचे नियम बदलत असतात, ते लेहमध्ये पोहोचताच विचारून घ्यावेत.

तुरतुकपर्यंत जाच

बहुतेक लोक हुंदरला सवारी करून, दिस्कितच्या मठापाशी मैत्रेय बुद्धाची शंभर फुटांहून उंच मूर्ती पाहून परत फिरतात. माझे सांगणे आहे की एक दिवस जास्त काढावा आणि श्योकच्या काठाने आणखी सुमारे 80 किलोमीटर जाऊन तुरतुक पाहावे.

तुरतुक हे बाल्टी मुसलमानांचे गाव. त्यांची भाषा तिबेटीच्या जवळची. 1971 च्या युद्धापूर्वी हे गाव पाकिस्तानच्या ताब्यात होते. डिसेंबर 1971 मध्ये नुब्राचेच सुपुत्र मेजर चेवांग रिंचेन यांच्या नेतृत्वाखाली लडाखी जवानांनी चालुंका, तुरतुक, त्याक्शी आणि थांग ही गावे घेतली. त्यासाठी रिंचेन यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळाले. गावकरी रात्री एका देशात झोपले आणि सकाळी दुसऱ्या देशात उठले. जे त्या वेळी शिक्षणासाठी, मजुरीसाठी पलीकडे होते ते पलीकडेच राहिले. आई इकडे, मुलगा तिकडे. भावाच्या मयतीला भाऊ जाऊ शकला नाही अशी घरे तिथे आहेत. अंतर पाहिले तर एखाद्या दिवसाच्या चालीचे.

याच भागात 1999 च्या कारगिल युद्धात राजपुताना रायफल्सचे कॅप्टन हनीफुद्दीन शहीद झाले. त्यांना मरणोत्तर वीर चक्र मिळाले आणि तो विभाग आता 'सब सेक्टर हनीफ' म्हणून ओळखला जातो. आपल्या मुलांना हे नाव ठाऊक असायला हवे.

2010 मध्ये तुरतुक पर्यटकांसाठी खुले झाले. दगडी पाटांतून खळाळणारे पाणी, जर्दाळूची झाडे, कुट्टूच्या पिठाच्या भाकऱ्या. उन्हाळ्यात लोणी-दूध टिकवण्यासाठी त्यांनी दगडांच्या खोल्या बांधल्या आहेत, दगडांच्या फटींतून थंड वारा खेळतो आणि विजेवाचून शीतकपाटाचे काम होते. आपल्याकडे, विशेषतः मराठवाड्यात, लग्नात खुबानीचा मीठा असतोच. ती खुबानी झाडावर पिकलेली बघण्याची आणि चाखण्याची मजा तिथे आहे. गावात मस्जिद आहे, जेवणाची चिंता नाही, सलाम केला की समोरून हसून उत्तर येते. एवढे मात्र पाळावे की बायकांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत. शेतात काम करणारी बाई तुमच्या मोबाईलसाठी तिथे उभी नसते.

तुरतुकला घरगुती मुक्कामाची सोय आहे. अशा घरी राहिलात तर पैसा थेट त्या कुटुंबाच्या हाती जातो. वाळवलेले जर्दाळू, बियांचे तेल, सी-बकथॉर्नचा रस, हातविणीची लोकरी टोपी या वस्तू लेहच्या चकचकीत दुकानाऐवजी गावातच घ्याव्यात. प्लास्टिकच्या बाटल्या नेऊ नयेत. नेल्याच तर रिकाम्या लेहला परत आणाव्यात, कारण त्या खोऱ्यात कचरा जिरवायला जागा नाही.

मुलांसाठी एक काम सुचवते. निघण्यापूर्वी घरी नकाशा पसरून लेह, खारदुंग-ला, पनामिक, सासेर-ला, काराकोरम खिंड आणि यारकंद यांवर बोट ठेवून ती जुनी वाट त्यांना दाखवा. मग श्रीनगर, मुंबई आणि जिद्दा जोडा. बोट नकाशावरून फिरताना एक मिनिट लागते, त्या माणसांना वर्ष लागत असे, आणि वाटेतला सर्वांत कठीण तुकडा जनावरांच्या पायांवर कापला जाई. हे ठाऊक असलेले मूल उंटावर बसेल तेव्हा त्याची नजर वेगळी असेल.

आणि भाव करताना एवढे ध्यानात ठेवावे की आपली सवारी पंधरा मिनिटांत संपते, पण तिच्या पैशातून आणलेला चारा उंटाला फेब्रुवारीत पुरायचा असतो. पन्नास रुपये सोडून द्यावेत.